‘बिनधास्त लिहा’ हे कुणाला सांगताय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत, समाजमाध्यमांवर लिहावंसं वाटतं पण धीर होत नाही अशा लाजऱ्या माणसांसाठी एक लेख आला होता. लेख कळकळीनं लिहिलाय याबद्दल वाद नाही. पण त्यातला एकही सल्ला मला पाळता येण्यासारखा नाही. ‘लोक काय म्हणतील हे डोक्यातून काढून टाका’, ‘बिनधास्त व्हा’, ‘मन मोकळं करा’, ‘रोज एक तरी पोस्ट टाकाच’. अहो, लोक काय म्हणतील हे डोक्यातून काढता येत असतं तर मी लाजरी कशाला राहिले असते? पाण्याला घाबरणाऱ्याला काठावरून ‘आधी भीती सोड, मग उडी मार’ असं ओरडून सांगण्यातला हा प्रकार आहे. सांगणाऱ्याचा घसा मोकळा होतो, एवढंच.

मी मुद्रितशोधक आहे. चोवीस वर्षं लोकांची प्रूफं वाचतेय. वाचकांची पत्रं कितीतरी तपासली, लिहिलं एकही नाही. हे पहिलंच. फोन वाजला की मी तो वाजू देते आणि थांबल्यावर ‘काही काम होतं का?’ असा मेसेज पाठवते. बैठकीत बोलायची वेळ आली तर माझ्या आधीच्या माणसाचं बोलणं मला ऐकूच येत नाही, कारण मी माझं वाक्य मनात घोकत असते. आणि पाळी आल्यावर ‘माझंही तेच मत आहे’ म्हणून बसते. अशी मी चार वर्षांपासून इंटरनेटवर लिहितेय. पहिल्या वर्षात त्रेसष्ट मसुदे साठले आणि लोकांसमोर गेले दोन. तेव्हा या विषयात मला अनुभव नाही असं कुणी म्हणू नये.

पहिल्या पोस्टची गोष्ट सांगते.

वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्यावर काहीतरी लिहायचं होतं. पहिलं वाक्य असं झालं : ‘वडिलांच्या अखेरच्या काळात त्यांची सेवा करताना खूप काही शिकायला मिळालं.’ हे वाक्य मी ओळखते. असली वाक्यं मी पैसे घेऊन तपासते. ऱ्हस्व-दीर्घ चोख, व्याकरण निर्दोष, आणि आत कुणीच नाही. काय शिकायला मिळालं, असं मीच मला विचारलं आणि उत्तर येईना. मग दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. अकराव्या दिवशी हे वाक्य आलं : ‘शेवटच्या दोन महिन्यांत मला त्यांच्या खोलीत जायचा कंटाळा यायचा.’

लिहिलं आणि खुर्चीतून उठले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी वळून दाराकडे पाहिलं. मग परत बसून पुढचं लिहिलं. दाराबाहेर मी थोडा वेळ उभी राहायचे. आत त्यांच्या श्वासाबरोबर ऑक्सिजनच्या यंत्राचा एकसुरी आवाज चालू असायचा. मी मनात वीसपर्यंत मोजायचे आणि मगच कडी सरकवायचे. एकदा चौदालाच आतून त्यांनी हाक मारली, ‘आलीस का?’ म्हणजे मी बाहेर उभी राहते हे त्यांना कळत होतं. किती दिवसांपासून, ते मी विचारलं नाही.

एवढंच लिहिलं. पावणेबाराला प्रसिद्ध केलं, फोन कपाटातल्या खणात कोंबला, वर शाल टाकली, जणू तो आतून ओरडणार होता. सकाळी सात प्रतिक्रिया होत्या. सहा अनोळखी किंवा जेमतेम ओळखीच्या माणसांच्या. एकानं नुसतं ‘मी तीसपर्यंत मोजायचो’ एवढं लिहिलं होतं. सातवी प्रतिक्रिया नव्हतीच, तो फोन होता. चुलत बहिणीचा. ‘काकांबद्दल हे असं चव्हाट्यावर मांडायचं का? मनात आलं तरी माणूस बोलत नाही.’ मी म्हटलं, ‘ताई, खरंय तुझं.’ फोन ठेवला. पोस्ट काढली नाही. त्या दिवशी माझ्या हातून घडलेलं धाडस एवढंच.

आता माझा मुद्दा. आपल्या लेखात ‘लाज’ हा एकच शब्द सगळीकडे वापरलाय. मराठीत त्यासाठी निदान चार शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बुजरा माणूस अनोळखी चेहरा दिसला की आत सरतो. लाजऱ्याला कुणी आपल्याकडे पाहिलेलं सोसत नाही. संकोची माणूस मागतानाही अडखळतो. आणि भिडस्ताला ओळखीच्याला नाही म्हणता येत नाही. माझ्या लिखाणाचं वाटोळं लाजेनं केलं असं मी वर्षानुवर्षं समजत होते. ते केलं भिडेनं. ‘सेवा करताना शिकायला मिळालं’ हे वाक्य कुणासाठी होतं? त्या सहा अनोळखी माणसांसाठी नव्हे. ताईसाठी होतं. लिहिताना तीच समोर बसलेली होती, म्हणून वाक्य असं गुळगुळीत झालं. लाजेपोटी माणूस लिहीत नाही, ते एक वेळ बरं. भिडेपोटी माणूस लिहितो, आणि खोटं लिहितो.

लाजेबद्दल थोडा दिलासा देणारा एक प्रयोग मला माहीत आहे. २००० साली टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालायला लावायचा आणि इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचं. मग विचारायचं, कितीजणांनी ओळखला असेल तो चेहरा? घालणाऱ्यांना वाटे, निम्म्याजणांनी तरी. प्रत्यक्षात ओळखणारे जेमतेम पाव हिस्सा. म्हणजे आपल्यावर प्रकाशझोत आहे असं आपल्याला वाटतं, तेवढा तो नसतो. पहिल्या पोस्टच्या आधी कुणी मला हे सांगितलं असतं तर फोनवर शाल टाकली नसती. पण हा दिलासा लाजेपुरताच. भिडेवर तो चालत नाही, कारण ताईनं खरोखरच पाहिलं होतं.

भिडेवरचा उपाय निर्भय होणं नाही, वाचक निवडणं हा आहे. याला काहीजण पळपुटेपणा म्हणतात. म्हणोत बापडे. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. तिच्या सुमारे अठराशे कवितांपैकी हयातीत दहाच्या आसपास छापल्या गेल्या, त्याही नावाशिवाय. १८८६ साली ती गेल्यावर बहिणीला कवितांचा साठा सापडला. यावरून तिनं सगळं कुलुपात ठेवलं असा समज होतो. पण तिनं शेकडो कविता पत्रांतून पाठवल्या होत्या. एकट्या भावजयीलाच अडीचशेहून जास्त. म्हणजे तिला वाचक नव्हते असं नाही, तिनं ते एकेक करून निवडले होते.

आणि १८६२ मधली तिची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. एका मासिकात नवख्या लेखकांना सल्ला देणारा लेख छापून आला. (आपल्या पुरवणीसारखाच.) तो वाचून तिनं लेखक टॉमस हिगिन्सनला चार कविता पाठवल्या आणि या कवितेत जीव आहे का, एवढं विचारलं. पत्राखाली सही नव्हती. सोबत आणखी एक छोटं पाकीट होतं, त्यात एका कार्डावर पेन्सिलीनं नाव लिहिलेलं. पत्र लिहायचं धाडस झालं, पण नाव मात्र पाकिटात घालून द्यावं लागलं. बिनधास्त माणसाला हे हास्यास्पद वाटेल. मला त्या दुसऱ्या पाकिटाचा कागद हाताला जाणवतो.

आजच्या माध्यमांत असं पाकीट करता येतं का? येतं, पण ते गळकं असतं हे धरून चाला. फेसबुकवर पोस्ट कुणाला दिसावी ते ठरवता येतं, अमुक माणसं वगळूनही दाखवता येते. व्हॉट्सॲपच्या स्टेटसलाही तशी सोय आहे, इन्स्टाग्रामवर जवळच्यांची वेगळी यादी करता येते. ताईच्या फोननंतर मी आठवडाभर याद्याच करत बसले होते. कुणाला ठेवायचं, कुणाला गाळायचं, गाळल्याचं त्यांना कळेल का. त्या आठवड्यात एक ओळ लिहिली नाही. शेवटी एकच यादी ठेवली, नऊ जणांची. निकष एवढाच, की या माणसासमोर बसून मी हे वाक्य मोठ्यानं वाचू शकेन का. नऊ हा आकडा लोकांना केविलवाणा वाटतो. नऊ माणसांनी लक्ष देऊन वाचलेलं आणि नऊशेंनी अंगठ्यानं वर सरकवलेलं, यातलं कुठलं हवं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

दुसरा रस्ता टोपणनावाचा. आपल्या लेखात ‘खऱ्या नावानं लिहा, तरच खरे व्हाल’ असं वाक्य आहे. ते मला पटत नाही, आणि मराठी वाचणाऱ्या कुणालाही पटू नये. १९३३ साली स्त्रियांच्या कोंडलेल्या मनाच्या कथा ‘विभावरी शिरूरकर’ या नावानं आल्या, गदारोळ झाला, ही बाई आहे तरी कोण याची चर्चा झाली. त्या नावामागे मालतीबाई बेडेकर होत्या. टोपणनाव होतं म्हणून त्या कथा कमी खऱ्या झाल्या का? उलट ते नाव होतं म्हणूनच इतकं खरं लिहिता आलं असावं असं मला वाटतं.

टोपणनावाच्या गमतीही असतात. मेरी ॲन इव्हान्स ही इंग्रज लेखिका ‘जॉर्ज एलियट’ या पुरुषी नावानं लिहू लागली, आणि तिच्या कथा भलत्याच एका गृहस्थाच्या आहेत असं लोक छातीठोकपणे सांगू लागले. शेवटी १८५९ साली तिला आपली ओळख उघड होऊ द्यावी लागली. लपायला गेलं की आपली जागा दुसऱ्याच्या नावावर चढते, असाही धोका असतो.

माझं टोपणनाव ‘काकपद’. प्रूफ वाचताना मजकुरातून एखादा शब्द सुटला असेल तर ओळीत त्या जागी कावळ्याच्या पायासारखी जी खूण करतात आणि शब्द समासात लिहितात, ते काकपद. जे राहून गेलं त्याची खूण. या नावाचं फेसबुकवर एक पान काढलं. तिथं आमच्या व्यवसायातल्या गोष्टी लिहिते, माझ्या लाजेबद्दल लिहिते, न बोलल्या गेलेल्या वाक्यांबद्दल लिहिते. वर्षभर कुणालाही पत्ता नव्हता. मग एक दिवस कार्यालयातला सहकारी टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, ‘काकपद म्हणजे तुम्हीच ना?’ मी पांढरीफटक. कसं ओळखलं? तो म्हणाला, ‘अर्धविराम. हल्ली इतके अर्धविराम दुसरं कुणी वापरत नाही.’ (या पत्रात एकही नाही, हे लक्षात आलं असेल.) तेव्हा टोपणनाव घ्या, पण शैली हीसुद्धा सहीच असते हे विसरू नका. फोटो टाकायचा असेल तर त्याच्यासोबत फोटो काढल्याचं ठिकाण आणि वेळ जात नाही ना, तेही बघा. सगळी माध्यमं ती माहिती पुसतातच असं नाही.

इथवर मी स्वतःच्या जोखमीबद्दल बोलतेय. दुसऱ्याची जोखीम आपण परस्पर घेतो, त्याबद्दल आपल्या लेखात अवाक्षर नाही, आणि तिथंच मी सपशेल चुकलेली आहे.

माझी भाची म्हणा, भावाची मुलगी, तेव्हा सोळा वर्षांची. तीही माझ्यासारखीच. एका रात्री तिनं मला सांगितलं, की ती वर्गात मोठ्यानं वाचायची पाळी येणार असली की आधीच ‘पोटात दुखतंय’ म्हणून बाहेर जाते, आणि मोकळ्या व्हरांड्यात तोच उतारा भिंतीला वाचून दाखवते. मला भरून आलं. आणि भरून आल्या आल्या मी ते लिहून टाकलं, माझ्या नावाच्या खात्यावर, ‘माझ्या ओळखीतली एक मुलगी’ असं म्हणून. मला वाटलं नाव नाही, मग काय झालं. आमच्या घरात सोळा वर्षांची मुलगी एकच आहे. वीस मिनिटांत माझ्याच लक्षात आलं आणि पोस्ट काढली, पण तेवढ्यात स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर पोचला होता, खाली कुणीतरी हसणारे चेहरेही टाकले होते. ती तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. मग एक मेसेज आला : ‘आत्या, तुला लाज वाटते ना? मग मलाही वाटत असेल, हे तुला कसं कळलं नाही?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. तिची परवानगी घेऊनच हे इथं लिहितेय. तिनं हा परिच्छेद वाचला, ‘पोटात’च्या जागी आधी मी ‘डोकं’ लिहिलं होतं ते दुरुस्त केलं, आणि ‘चालेल’ म्हणाली. लाजरी माणसं स्वतःबद्दल लिहायला कचरतात आणि म्हणून दुसऱ्याबद्दल लिहितात, हा धोका बडबड्या माणसांपेक्षा आपल्याला जास्त आहे. स्वतःचं झाकायचं, पण लिहायचं तर खरंच, मग खरं आणायचं कुठून? शेजारच्या खोलीतून.

रात्रीबद्दलही सांगायला हवं. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञानं २००४ साली लिहिलं, की पडद्याआड माणसाचा संयम सुटतो, कारण समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि उत्तर त्याच क्षणी येत नाही. तेव्हा लाजरा माणूस नेटवर गप्प असतो हे अर्धंच खरं. तो महिनाभर गप्प असतो आणि एका रात्री दीड वाजता सगळंच्या सगळं ओकून टाकतो. सकाळी उठून पुसतो आणि पुन्हा महिनाभर गप्प. मी हे दोनदा केलंय. त्याला धाडस म्हणत नाहीत. धरण फुटलं तर कुणी पाणी सोडलं म्हणतं का?

१९८६ साली जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस ओळीनं, रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना असं दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांत आरोग्यकेंद्रातल्या खेपा कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम दरवेळी इतका ठळक आला नाही, तरी लिहिण्याचे गोडवे गाणारे सगळे हा प्रयोग सांगतात. दोन गोष्टी मात्र सांगत नाहीत. एक, ते लिखाण कुठं प्रसिद्ध करायचं नव्हतंच. आणि दोन, लिहून झाल्यावर लगेच त्यांना बरं वाटलं नव्हतं, उलट जास्त वाईट वाटलं होतं. तो जो वाईट वाटण्याचा तास आहे ना, तोच आपल्याला ‘प्रसिद्ध करा’ या बटनाशी नेतो. कारण त्या वेळी कुणीतरी जवळ हवं असतं. माझा आता एकच नियम आहे. रात्री लिहायचं, सकाळी अंघोळ झाल्यावर वाचायचं. ओल्या केसांनी वाचताना जे वाक्य जागेवर उभं राहतं, ते ठेवायचं.

दुखावणाऱ्या प्रतिक्रियांबद्दल आपल्या लेखात ‘दुर्लक्ष करा’ एवढे दोनच शब्द आहेत. वडिलांच्या पोस्टवर पुढे एकानं लिहिलं होतं, ‘असल्या मुली जन्माला येण्यापेक्षा…’ पुढचं लिहीत नाही. तीन दिवस मी मनात उत्तरं रचली. काही फार चांगली झाली होती. एकही टाकलं नाही. त्या माणसाला रोखलं आणि त्याची ओळ पुसली. ते करताना अंगठा थरथरत होता, याचं आता हसू येतं. कुणाला उत्तर देणं लागत नाही, हे भिडस्त माणसाला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. दाराची घंटा वाजली की उघडलंच पाहिजे असं आपण लहानपणापासून समजत आलेलो असतो.

आता अलीकडची एक गोष्ट, मग आवरतं घेते. लिखाण ‘सुधारून’ देणारी यंत्रं आली आहेत. उत्सुकता म्हणून मी वडिलांचं ते वाक्य एकाला दिलं. त्यानं ‘कंटाळा’ काढून ‘भावनिक थकवा’ घातलं. शब्द मोठा सभ्य, पण माझ्या वडिलांच्या दाराबाहेर भावनिक थकवा उभा नव्हता, मी उभी होते, आणि मला कंटाळा आला होता. लाजऱ्या माणसाला या यंत्राचा मोह सगळ्यात जास्त होणार, कारण ते आपल्या वतीनं भीड सांभाळतं. ताईला आवडेल असं वाक्य ते एका सेकंदात करून देतं.

पण यंत्राला तरी काय बोल लावायचा! माझ्याच पानावर एकदा एक पोस्ट टाकली, पहिल्यांदा सभेत चार वाक्यं बोलले त्याबद्दल. त्यात मी ‘दिर्घ श्वास’ लिहिलं. मी. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त करणारी. दहा मिनिटांत एका वाचकाची प्रतिक्रिया : ‘दीर्घ. पहिली नव्हे, दुसरी.’ पोटात खड्डा पडला. लगेच दुरुस्त केलं. दुरुस्त करायला उघडलंच आहे तर आणखी एक वाक्य नीट करू म्हटलं. मग आणखी एक. तासाभरात अकरा वेळा दुरुस्ती झाली. मला ठाऊक नव्हतं ते असं, की फेसबुकवर आधीचे सगळे पाठ राहतात आणि वाचकाला ते उघडून बघता येतात. संध्याकाळी त्याच वाचकाची दुसरी प्रतिक्रिया आली : ‘तुमचा दुरुस्त्यांचा इतिहास वाचला. तिसऱ्या पाठात होतं ते वाक्य का काढलंत?’

मी जाऊन पाहिलं. तिसऱ्या पाठात होतं : ‘बोलून खाली बसले तेव्हा मला अभिमान वाटला नाही, इतकी वर्षं गप्प बसल्याचा राग आला.’ शेवटच्या पाठात होतं : ‘बोलून खाली बसले तेव्हा एक वेगळंच समाधान वाटलं.’ मधल्या नऊ दुरुस्त्यांत रागाची नाराजी झाली, नाराजीची हुरहुर, हुरहुरीचं समाधान. एकेक पायरी खाली, आणि प्रत्येक पायरीवर मला वाटत होतं मी भाषा सुधारतेय. बाराव्यांदा दुरुस्ती केली आणि राग परत आणला. ‘दीर्घ’ मात्र दुसऱ्या वेलांटीनंच ठेवलं.

त्या दिवसापासून वेलांटी चुकायची धास्तीही ओसरली. चूक सगळ्यांदेखत झाली, ज्यानं दाखवली त्यानंच पुढे नीट वाचलं, आभाळ कोसळलं नाही. आपल्या लेखातल्या ‘रोज एक पोस्ट’ या सल्ल्याऐवजी मी कुणा लाजऱ्या माणसाला काही सांगायचं झालं तर एवढंच सांगेन, की महिन्यातून एकदा लिही, पण आपण कोणत्या वाक्याला मऊ केलं ते शोध, आणि ते एकच वाक्य मूळ रूपात परत घाल. बाकीची पोस्ट पाहिजे तर सभ्य राहू दे. गुपितं सांगायची गरज नाही. मी माझ्याबद्दलच्या नव्वद टक्के गोष्टी कुठंही लिहिलेल्या नाहीत आणि लिहिणारही नाही.

पत्र फार लांबलं आहे याची कल्पना आहे. पत्रांच्या स्तंभाची जागा किती असते हे मला माहीत आहे. कापावं लागेल, खुशाल कापा. प्रयोगांची माहिती गेली तरी चालेल, जुन्या लेखिकाही चालतील. दाराबाहेर उभं राहण्याचा परिच्छेद मात्र ठेवावा, आणि त्यातला ‘कंटाळा’ कुणी दुरुस्त करू नये.

खाली टोपणनाव छापावं. खरं नाव आणि पत्ता नियमाप्रमाणे वेगळ्या कार्डावर लिहून आतल्या लहान पाकिटात घातला आहे.

आपली,
काकपद